दामिनीचा फ्लेक्स

अंबादेवीच्या रस्त्यावर सहदेवचं फुलांचं दुकान आहे. त्याने ओवलेल्या एका हाराचं एक टोक राजापेठेत होतं तेव्हा दुसरं टोक बडनेऱ्याच्या स्टेशनात शिरलं होतं, ही गोष्ट अर्ध्या अमरावतीला ठाऊक आहे, कारण सहदेवनेच ती अर्ध्या अमरावतीला सांगितली आहे. एका वर्षी म्हणे त्याच्या नांदगाव खंडेश्वरच्या वावरातल्या गुलछडीला असा वास सुटला, की बेलोऱ्याला उतरणारं सरकारी विमान धावपट्टी सोडून वासाच्या मागे लागलं. वावरावर दोन घिरट्या घातल्या, आणि आतल्या मंत्र्याने काच खाली करून भाव विचारला.

"मंग? काय सांगतलं तुमी?" गिऱ्हाईक विचारायचं.

"म्हनलं, साहेब, वरून भाव भेटत नाई. खाली या, मंग बोलू."

लोक दोन रुपयांचं फूल घ्यायचे आणि वीस रुपयांची गोष्ट ऐकून जायचे. बायको शालू गजरे बांधता बांधता गिऱ्हाइकाला सांगे, "यायच्या गोष्टीतलं निम्मं सोडून द्या. बाकीचं इथंच ठेवून जा, घरी नेऊ नका."

पण एका बाबतीत सहदेवने कधी थाप मारली नाही, ती म्हणजे भाव. दामिनी दहा वर्षांची असताना दुकानात पाटावर बसून झेंडू ओवायची, तेव्हा त्याने तिला धंद्याचं एकच सूत्र शिकवलं होतं.

"गाडी चालू ठेवून जो उतरते ना, त्याले घाई हाये. हातात लग्नाची पत्रिका असली तं मंग पाहाचंच काम नाई, भाव वर न्याचा. अन् जो गाडी बंद करते, चार दुकानं फिरते, शेवंती नाकाले लावून परत ठेवून देते, त्याच्यासमोर आपन गुमान खाली याचं. समजलं? पायजेच असन तं पायजेच हाये असं तोंडावर दिसू द्याचं नाई."

दामिनी हसली होती. तिच्या तोंडावर तेव्हाही सगळं दिसायचं. दुपारी बेलोऱ्याच्या बाजूला विमान घरघरलं की ती सुई तशीच फुलात सोडून गच्चीवर पळायची आणि ते ठिपक्याएवढं होईपर्यंत हात दाखवत राहायची.

पुढे समृद्धी महामार्गात नांदगावचं वावर गेलं. सरकारचा पैसा हातात आला तेव्हा भाऊबंदांनी कोणी फोर व्हीलर घेतली, कोणी घरावर दुसरा मजला चढवला. सहदेवने पोरीला विमान शिकायला मध्य प्रदेशात धाडलं. अख्खं वावर असं हवेत गेलं, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही.

वाईट वाटायची पाळी दामिनीची होती. दोनशे तास उडून लायसन्स हातात आलं, आणि नोकरी कोणी देईना.

"माह्यासारखे दोनशे तासवाले हजारो हायेत, बाबा," ती म्हणाली. "सगळ्यायलेच उडाचं हाये. कंपनी म्हनते तुमाले काहून जास्त द्याचं? मांगं रांग लागली हाये."

"म्हंजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा झेंडू," सहदेव म्हणाला.

"तसंच समजा. दीड हजार तास झाले का मंग भाव हाये. तेवढे तास असनारे लय कमी हायेत."

म्हणून तिने चार वर्षं मध्य प्रदेशातल्या त्याच विमानाच्या शाळेत नव्या पोरांना उडायला शिकवलं. पगार असा की मेसचा डबा आणि मोबाइल भागला की संपला. पण तास जमत गेले. दीड हजाराच्या पुढे गेले, त्या महिन्यात एक नवी कंपनी आली. एकोणीस सीटांची छोटी विमानं, विदर्भातल्या लहान गावांना जोडायची. सहवैमानिकाला कंपनीची अट होती पंधराशे तासांची. तशी माणसं अख्ख्या विदर्भातून सहा सापडली. कंपनीला लागत होती तीही सहाच.

त्या सहा जणांतला रोहित अकोल्याचा. सगळे त्याच्या घरी जमले आणि ठरवलं, की अडीच लाखांच्या खाली कोणीच सही करायची नाही. विमानं येऊन उभी आहेत, उड्डाणं सुरू करायच्या परवानगीची तारीख जवळ येते आहे. गरज आपली जेवढी आहे तेवढीच त्यांचीही आहे.

दामिनीने घरी हे काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "मुलाखत झाली. चांगली झाली. मंगळवारी पगाराचं बोलनं हाये." आणि डोळे-कान तपासायला नागपूरला गेली.

सहदेवने यातलं 'चांगली झाली' एवढंच ऐकलं.

शेजारी नत्थुजींचं नारळाचं दुकान. नत्थुजी समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि समाजातलं पोरगं दहावी पास झालं तरी चौकात फ्लेक्स लावणारे. इथं तर पायलट होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गांधी चौकात वीस फुटी फ्लेक्स चढला. दामिनीचा युनिफॉर्ममधला फोटो, मागे चारशे माणसं बसतील असं थोरलं विमान, वर ठळक अक्षरांत 'वैमानिकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली शुभेच्छुकांची बत्तीस तोंडं. त्यातलं पहिलं नत्थुजींचं, विमानाच्या पंख्याएवढं.

"रविवारी सत्कार ठेवू," नत्थुजी म्हणाले. "अन् सहदेवा, थो कंपनीचा साहेब मुलाखती घ्याले इथंच हाटेलात उतरला हाये ना? त्याले बी बलाव. शाल-नारळ दिलं का पोरीचं वजन वाढते."

सहदेव स्वतः हार घेऊन हॉटेलात गेला. साहेब दिल्लीकडचे, हळू बोलणारे, पाणी पितानाही हसल्यासारखे दिसणारे. ते आनंदाने येतो म्हणाले.

रविवारी सकाळी दामिनी नागपूरहून आली ती थेट सभागृहात. दारात आईने तिच्या केसांत गजरा माळला, तोवर तिला वाटलं समाजाचा घरगुती सत्कार, एवढंच आहे. मग तिने स्टेजवर साहेब पाहिले. ती पहिल्या रांगेत बसली आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

सहदेवच्या हातात माइक आला, आणि माइक हातात आल्यावर थांबणारा माणूस तो नव्हे.

"माह्या पोरीनं पयल्याच दिवशी इमान असं वर नेलं," तो म्हणाला, "का सूर्य म्हने, बाई, जरा बाजूनं घे, माहे कपडे वाळून राहिले."

सभागृह हसलं.

"अन् अवघड काई नाई त्यात. ज्याले लुना येते त्याले इमान येते. लुनाले निदान खड्डे तं चुकवा लागते."

सभागृह आणखी हसलं. मोबाइल वर झाले. सहदेवची नजर पहिल्या रांगेतल्या लेकीवर पडली. थापा संपल्या. पुढचं जे बोलला ते खरं होतं.

"पगाराचं काय घेऊन बसले, भाऊ. हे एवढीशी होती तवापासून गच्चीवर उभी राहून इमानाले हात दाखवे. थिले उडाचंच होतं. माही पोरगी तं फुकट बी उडवीन."

साहेब नत्थुजींकडे वळले. नत्थुजींनी मोठ्या आवाजात समजावून दिलं, "साहब, ये बोल रहे की लडकी मुफत में बी उडाएगी."

टाळी पहिल्यांदा साहेबांनी वाजवली.

मंगळवारी दामिनी बोलणी करून आली, जेवली नाही, पोट भरलं आहे म्हणाली. बुधवारीही तेच. सहदेवला वाटलं, मोठी नोकरी म्हणजे मोठा विचार, असेल. बुधवारी संध्याकाळी अकोल्याहून रोहितचा फोन आला.

"काका, दामिनीले सांगू नका मी फोन केला म्हनून. तुमी उद्या अकोल्याले येता काय? फोनवर बोलता येत नाई."

गुरुवारी सहदेवने दुकान शालूवर सोडलं आणि सकाळच्या एसटीने अकोला गाठलं. हातात शेवंतीची परडी होती, कारण कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायची सवय नाही. रोहितच्या आईने ती देवापुढे ठेवली, चहा दिला आणि आत निघून गेली. रोहितने दार लोटून घेतलं.

"काका, तुमी वाईट केलं असं मी म्हनत नाई. बाप हाये तुमी. पन आमी सहा जणायनं याच खोलीत बसून ठरवलं होतं, अडीच लाखाच्या खाली सही नाई." मग त्याने एकेक करून सांगितलं. "पंधराशे तासाची अट होती तोवर कंपनीले आमच्याशिवाय इलाज नव्हता. तुमच्या सत्काराचा व्हिडिओ फिरला. लुनावाला. दोन दिवसात चारशे अर्ज आले. काई पोट्टे तं म्हनतेत, आमाले पगार नको, तास द्या. साहेबानं अट खाली आनली, तीनशे तास. सरकारी नियमात बसते थे. अन् पगार केला एक लाख दहा."

"पन दामिनीचे तं दीड हजार..."

"थिच्यासमोर साहेबानं मोबाइल ठेवला. त्यात तुमचा फ्लेक्स. म्हने, मॅडम, शहर ने तो आपको चुन लिया, अब घर जाके मना करोगी क्या? पिताजी तो मुफ़्त बोल रहे थे, हम तो फिर भी दे रहे हैं."

सहदेवने कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला तो त्याने उपरण्याने पुसला.

"अजून वेळ गेली नाई, काका," रोहित म्हणाला. "तीनशे तासवाल्यायले तयार कराले त्याले चार-पाच महिने लागतेत, अन् इमानं आत्ता उभी हायेत. उद्या दुपारपर्यंत आमी साही जण नाई म्हनलो, तं थो वर येते. आमी पाच थांबाले तयार हावो. दामिनी बी म्हनते मी सही करत नाई. पन थे फ्लेक्स चौकात हाये तोवर थिच्यानं नाई म्हनवत नाई. लोकायसमोर तुमचं तोंड खाली होईन म्हनते. थे तुमाले कधीच सांगनार नाई. म्हनून मी सांगून राहिलो. फ्लेक्स काढा, काका. दुसरं काई करू नका."

"काढतो," सहदेव म्हणाला. "आजच काढतो."

परतीची एसटी मूर्तिजापूरला अर्धा तास थांबली. एक जण मोटारसायकल चालूच ठेवून उतरला आणि स्टँडच्या दारातल्या हारवाल्याकडे धावत गेला. हारवाल्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माणसाकडे, आणि मग भाव सांगितला. माणसाने घासाघीस न करता दिला. सहदेवने खिडकीतून तोंड फिरवलं. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं. वीस फुटी कापडावर आपल्याच पोरीची घाई छापून चौकात टांगायची, आणि वर घेणाऱ्याला हार घालून दाखवायला आणायचं, एवढं मात्र त्याच्या कोणत्या गिऱ्हाइकाला सुचलं नव्हतं.

सहा वाजता तो नत्थुजींच्या दुकानामागची शिडी घेऊन चौकात आला. शिडी खांबाला लावली, दोरी कापायचा विळा कमरेला खोवला आणि चढला. वरून दामिनीचं तोंड केवढं मोठं दिसत होतं. डाव्या बाजूची दोरी त्याने कापली. फ्लेक्सचा कोपरा लोंबला, आणि खालून आवाज आला.

"सहदेवभाऊ, काहून काढून राहिले जी?"

चहावाला होता. त्याच्या मागे दोन ऑटोवाले थांबले. पानठेल्यावरचं एक पोट्टं आलं. पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली, आणि ती सगळी त्याच्या थापा ऐकून वाढलेली होती.

"निवड रद्द झाली काय?" कोणीतरी विचारलं.

"झाली असन तं सांगा, भाऊ. लाजाचं काय त्यात?"

"अबे, मी म्हनलंच होतं. सहदेवभाऊच्या बोलन्यावर कोनी फ्लेक्स लावते काय?"

नत्थुजीही धापा टाकत आले. "सहदेवा, अरे, माहं तोंड हाये त्याच्यावर. काय झालं? कमी-जास्त असन तं सांग."

सांगायचं होतं फक्त एवढंच, की हो, उतरवून राहिलो, माही पोरगी एवढ्यात जात नाही, भाव पटला नाही. भाव पटला नाही म्हणून माल मागे ठेवणं हे त्या रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला कळलं असतं. पण खाली पंधरा जण मान वर करून उभे होते आणि एकाच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू फुटत होतं. सहदेवला ते हसू ओळखीचं होतं. इतकी वर्षं ते त्याच्या गोष्टीवर फुटायचं. आता त्याच्या पोरीवर फुटणार होतं.

"रद्द काहून होईन बे?" त्याच्या तोंडून निघून गेलं. "धूळ पाहा किती बसली पोरीच्या तोंडावर. पुसाले चढलो."

लोक हसले. चांगलं हसले. सहदेवने खांद्यावरचं उपरणं काढलं आणि वीस फुटांच्या दामिनीचं कपाळ पुसलं, गाल पुसले, टोपीवरचा पक्ष्याचा पांढरा डाग नखाने खरवडला. मग कापलेल्या दोरीला गाठ मारून कोपरा पुन्हा बांधला, आधीपेक्षा घट्ट. खाली उतरताना मन म्हणत होतं, गर्दी पांगली की काढतो. गर्दी पांगली, तेव्हा शिडी नत्थुजी घेऊन गेले होते.

शुक्रवारी सकाळी दामिनी लवकर आवरून निघाली. दुपारी परत आली तेव्हा तिच्या हातात पेढ्याचा डबा होता.

"झाली सही," ती म्हणाली.

शालूने देवाजवळ दिवा लावला. सहदेवने पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

"किती?" त्याने विचारलं.

"हाये तेवढा पुरे, बाबा." ती त्याच्याजवळ पाटावर बसली, लहानपणी बसायची तिथेच. "खरं सांगू काय? काल संध्याकायपर्यंत मी नाईच म्हननार होती. रोहितले तसं सांगतलं बी होतं. मंग चौकातून येऊन राहिली होती, तं तुमी शिडीवर. उपरन्यानं माहं तोंड पुसून राहिले होते. मी पलीकडं गाडी लावून पाहात उभी राहिली. म्हनलं, एवढ्या मानसायसमोर हा मानूस... त्याले मी काय सांगू का थे काढा म्हनून?" ती हसली आणि डोळे पुसले. "जाऊ द्या. उडाले तं भेटते ना."

आता बोलायची वेळ होती. मी पुसायला चढलो नव्हतो, कापायला चढलो होतो, डाव्या दोरीची गाठ जाऊन पाहा, एवढं एक वाक्य. ज्याने विमानातल्या मंत्र्याला खाली बोलावलं होतं, त्याला ते एक वाक्य उचलवेना.

"चौकात धूळ लय उडते," सहदेव म्हणाला.

दामिनीने सही केली म्हटल्यावर बाकीच्या पाचांनीही आठवड्याभरात केली. रोहितने पुन्हा फोन केला नाही. कंपनीची तीनशे तासांची अट तशीच राहिली, पुढच्या भरतीत आणखी खाली येणार असं दामिनी एकदा बोलता बोलता म्हणाली. तिच्याबरोबर आता जे नवे सहवैमानिक लागलेत त्यांना लँडिंग तीच समजावून सांगते. पगार सगळ्यांचा सारखा.

त्यानंतर सहदेवच्या गोष्टी आटल्या. गिऱ्हाईक बडनेऱ्याच्या हाराची आठवण काढतं, तो फुलं तोलून देतो. गाडी चालू ठेवून कोणी उतरलं तर आधी भाव सांगत नाही, म्हणतो, "गाडी बंद करून या."

परवा सकाळी नत्थुजींची नात आचल आजोबांचा डबा घेऊन आली. बारावी झालेली, अंगाने शेलाटी, डोळ्यांत सगळं दिसणारी. गाडी रस्त्याच्या कडेला चालूच ठेवून ती सहदेवच्या दुकानासमोर वाकली.

"आजोबा, एक खरं सांगा. दामिनीताईले किती पगार हाये?"

"एक लाख दहा," सहदेव म्हणाला. "कापून-कुपून हातात अठ्ठ्याण्णव. शिकाले अख्खं वावर गेलं, अन् वरून चार वर्षं गेली."

नत्थुजी नारळ सोलता सोलता हसायला लागले. "सहदेवा, माही नात इन्कमटॅक्सवाली हाये काय? लोकं आठ लाख सांगतेत, अन् हा पाहा, लपवून राहिला."

"अंबादेवीची शपथ, नत्थुजी."

"बडनेऱ्याच्या हाराले बी तू अंबादेवीचीच शपथ खाल्ली होती."

आचलही हसली. तिच्या पर्समधून विमान शिकवणाऱ्या शाळेचा फॉर्म डोकावत होता. रंगीत कागद, त्यावर निळं आभाळ. "मी भरला, आजोबा," ती म्हणाली. "बाबा वावर विकाले काढतो म्हनले."

"मोठा फ्लेक्स लावू," नत्थुजी म्हणाले. "याच्या पोरीपेक्षा मोठा."

सहदेव उठला. मांडीवरची शेवंती खाली सांडली तशी सांडू दिली. रस्त्यापर्यंत गेला आणि आचलच्या गाडीची किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"काहून जी?" ती मागून म्हणाली.

तो सांगणार होता. शब्द जुळवत होता, या वेळी खरेच, एकही वाढवलेला नाही. तेवढ्यात बेलोऱ्याकडून अकराचं विमान वर आलं. लहानसं, एकोणीस सीटांचं. आचलने मान वर केली, आणि ते ठिपक्याएवढं होईपर्यंत हात दाखवत राहिली.